गोधडी पांघरलेला ओटा

मागच्या थंडीत आमच्या घराचा ओटा आठवडाभर गोधड्या पांघरून झोपला आणि घरातली माणसं एकेका गोधडीत कुडकुडली. गावात अजून त्यावरून हसतात. आता मीही हसते. पण तो आठवडा चालू होता तेव्हा मला हसू येत नव्हतं. बा दिवाळीनंतर घरी राहणार की पुन्हा बॅग उचलून जाणार, हे त्या ओट्यावर ठरायचं होतं.

आमचं गाव मोखाड्याहून जीपने अर्ध्या तासावर आहे. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की गावातली निम्मी घरं कुलूप लावून कामाला जातात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे, कोणी नाशिककडे. माझा बा गवंडीकाम करतो. मला कळायला लागल्यापासून तो दिवाळीनंतर गेला की होळीलाच दिसायचा. मी लहान असताना तेवढ्या दिवसांत माझे दात पडून नवे यायचे. होळीला आला की तो आधी म्हणायचा, "तोंड उघड बघू, किती आले?" मी तोंड उघडून उभी राहायची आणि तो मोजायचा. मोजताना एखादा दात मुद्दाम चुकवायचा, म्हणजे परत पहिल्यापासून मोजता यायचं.

मागच्या थंडीच्या आधीचे दोन हिवाळे तो फारच लांब गेला होता, सिमल्याच्या पुढे, डोंगरात. तिथे थंड हवेतल्या बंगल्यांना नक्षीदार काँक्रीट घालून देणारा एक ठेकेदार होता. अंगण, पायऱ्या, व्हरांडे, सगळं काँक्रीटचं, पण दिसायला काँक्रीट नाही. ओल्या काँक्रीटवर रंगाची पूड टाकायची, वर रबराचा मोठा साचा ठेवायचा आणि ठोकायचा. साचा उचलला की खाली दगडी फरशी उमटलेली असते, नाहीतर लाकडाच्या फळ्या. बाने मोबाइलवर फोटो दाखवले तेव्हा मला ते खरंच लाकूड वाटलं.

"हात लावलास तर कळेल," बा म्हणाला. "लाकूड एवढं गार नसतं."

तिथल्या थंडीची गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. काँक्रीटच्या पोटात पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि वरचा थर पोपडे धरून निघून येतो. म्हणून मालात एक औषध घालतात. त्याने आत बारीक बारीक बुडबुडे होतात आणि गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळते. खरं तर कडक थंडीत असं काम बंदच ठेवायचं असतं, पण ठेकेदाराला घाई होती. मग संध्याकाळी ओल्या अंगणावर प्लास्टिक आणि त्याच्यावर जाड जाड रजया घालून ठेवायच्या. "कामगारांना एक रजई आणि अंगणाला चार," बा म्हणायचा.

मी जव्हारच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. भूगोलात खडक कसे फुटतात हा धडा होता आणि मला तो पुस्तकातून नीट कळला नव्हता. भेगेत पाणी शिरतं, गोठतं, खडक फुटतो, एवढं पाठ होतं. पण पाणी गोठल्यावर फुगतं कशाला, हे मला कोणाला विचारायची लाज वाटत होती. बाने अंगणाचं सांगितलं तेव्हा तो धडा एकदम उघडला. परीक्षेत मी बाने सांगितलेलं लिहिलं. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग अर्धे मार्क माझे."

दुसऱ्या हिवाळ्यानंतर तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक गुंडाळी होती. फरशीच्या नक्षीचा एक साचा कोपऱ्यात फाटला म्हणून ठेकेदाराने टाकून दिला होता. बाने तो रेल्वेतून, एसटीतून, जीपच्या टपावरून घरी आणला. आई म्हणाली, "माझ्यासाठी काय आणलं?" बाने साचा उलगडून दाखवला. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. म्हणाली, "पावसाचं पाणी तरी आत जाणार नाय."

पावसाळा संपता संपता बाला दाभोशाच्या रस्त्याला प्लास्टरचं थोडं काम मिळालं. जव्हारच्या एक निवृत्त शिक्षिका तिथे धबधबा बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधत होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. बाने त्यांना धीर करून मोबाइलवरचे फोटो दाखवले. बाईंनी चष्मा वर करून ते बघितले.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण फोटो कोणाचेही असतात. तुमच्या हाताचं काम दाखवा. तुमच्या स्वतःच्या घरापुढे करा, मी येऊन बघते. पटलं तर चारही खोल्यांचे ओटे आणि मधली वाट तुम्ही करायची."

चार ओटे आणि वाट म्हणजे होळीपर्यंतचं काम. रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. बाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. ती थापायची थांबली. एवढंच. मग परत थापायला लागली. पण मी पाहिलं होतं.

आता आईचं आणि सिमेंटचं जमत नाही, हे सांगायला हवं. आमचं घर सरकारी घरकुल आहे. आत सिमेंटचा कोबा आहे. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते आणि त्या कोब्यावर पाय ठेवला की झिणझिण्या येतात. "हे सिमेंट पायाला चावतं," आई म्हणायची. पहिल्याच थंडीत तिने सरळ कोब्यावर शेणाचं सारवण घातलं आणि मग दर आठवड्याला घालत राहिली. शेजारच्या बायकांनी विचारलं, "पक्की जमीन मिळाली तरी सारवतेस?" ती म्हणाली, "पक्की असली म्हणून काय झालं? जमीन हाय ना?"

ओट्याचं काम करायचं ठरलं तो दिवाळीनंतरचा रविवार होता. मी वसतिगृहातून शनिवारीच आले. बाने लाल ऑक्साईड मोखाड्याच्या बाजारातून आणलं होतं. साचा खुराड्यावरून काढून धुतला. साचा ओल्या मालाला चिकटू नये म्हणून तिकडे एक खास पूड वापरतात. ती बाच्या पिशवीत थोडीशीच उरली होती आणि निम्म्या ओट्यातच संपली. बा साचा हातात धरून उभा राहिला. माल सुकायला लागला होता.

"पोरी, चुलीतली राख आण," तो म्हणाला. "चाळून आण."

मी पळत गेले, राख पिठाच्या चाळणीने चाळली आणि आणली. आईच्या पिठाच्या चाळणीने. ते तिला आजपर्यंत माहीत नाही. ती हे वाचणार नाही, पण कोणी वाचून दाखवलं तर आता कळेल.

राख चालली. साचा सुटा निघाला. लाल ओट्यावर एकेक फरशी उमटत गेली, मध्ये बोटभर खोल रेषा, कडा थोड्या खडबडीत, अगदी घडवलेल्या दगडासारख्या. शेजारचे म्हातारबा काठी टेकत बघायला आले. ते कोणत्याही कामाला पहिल्यांदा नावं ठेवतात आणि मग शेवटपर्यंत बसून राहतात.

"काय रे हे?"

"काँक्रीट हाय, काका. दगडासारखं करतोय."

म्हातारबांनी समोरच्या डोंगराकडे बघितलं, मग ओट्याकडे. "दगड पायजे होते तर मला सांगायचं. नदीत फुकट पडलेत."

"नदीतला दगड लाल असतो का?"

"मग लाल रंग लावायचा त्याला. सिमेंटला दगड करायचं, एवढं कशाला?" असं म्हणून ते आमच्या खाटेवर बसले आणि चहा येईपर्यंत उठले नाहीत.

संध्याकाळी हवा गार व्हायला लागली तसा बा बेचैन झाला. इथे बर्फ पडत नाही हे त्यालाही माहीत होतं. पण पहाटे दव फार पडतं, थंडीत माल नीट धरत नाही, आणि हे काम बिघडलं तर दुसरं करायला ना रंग होता ना वेळ. त्याने ओट्यावर प्लास्टिक घातलं. मग घरात गेला आणि गोधड्या घेऊन बाहेर आला. एक, दोन, तीन.

आई दारात आली. "कुठं चालल्या त्या?"

"ओट्याला."

"ओट्याला थंडी वाजते?"

"वाजते."

"आणि मला?"

बाने थोडा विचार केला. "तू पोपडे नाय धरत," तो म्हणाला.

आईने हातातला पेला त्याच्या दिशेने फेकल्यासारखं केलं, पण फेकला नाही. तिन्ही गोधड्या ओट्यावर गेल्या. आमच्याकडे दोन उरल्या. मी आणि आई एकीत झोपलो आणि ती सारखी म्हणत राहिली, "तुझ्या बाला विचार, ओटा जेवला का?"

सोमवारी मी जव्हारला परत गेले. त्या आठवड्यात माझं वर्गात लक्ष नव्हतं. रोज मधल्या सुट्टीत मी बाला फोन करायची. "झाकलंय?" "झाकलंय." "पाणी मारतोस?" "दिवसा मारतो, संध्याकाळी झाकतो." आणि मागून आईचा आवाज, "त्याला सांग, आज ओट्याला सर्दी झाली." मैत्रिणींना वाटलं माझ्या घरी कोणी आजारी आहे. एकीने विचारलंही. मी म्हटलं, ओटा आहे. 

पुढच्या रविवारी बाई येणार होत्या. मी शनिवारी संध्याकाळी घरी पोचले. रविवारी सकाळी बाने गोधड्या आणि प्लास्टिक काढलं. ओटा घट्ट झाला होता. कुठे भेग नव्हती. पण जिथे राख वापरली होती तिथे पांढरट धूळ बसली होती, रेषांमध्ये तर जास्तच. तिकडच्या पुडीचा गुण असा की धुतल्यावर ती रेषांमध्ये थोडी गडद राहते, म्हणून फरशी जुनी आणि खरी दिसते. राखेने ते होणार नव्हतं. बा म्हणाला, "धुऊन बघू काय होतं ते." पण बाईंना रस्ता माहीत नव्हता. त्यांना आणायला त्याला जीपने मोखाड्याला जायचं होतं आणि जीप सुटायला आली होती.

"मी आल्यावर धुतो," तो मला म्हणाला. "तोपर्यंत कोणी ओट्याला हात लावायचा नाय. तुझ्या आईला सांग."

मी आईला सांगितलं. ती हो म्हणाली.

मी आत भांडी घासत होते. बाहेर आले तेव्हा आई ओट्याच्या लांबच्या कोपऱ्यात ओणवी बसली होती. बाजूला शेणकाल्याची पाटी होती आणि तिचा हात गोल गोल फिरत होता. निम्मा ओटा सारवून झाला होता.

"आये! बाने हात लावू नको सांगितलं होतं!"

"हात कुठं लावते? शेण लावते," ती मागे न बघता म्हणाली. "जव्हारच्या बाई येणार आणि ओट्यावर राख? कोणाच्या दारात राख असते ठाऊक हाय ना? मयताच्या."

मी तेव्हा तिला थांबवायला हवं होतं. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण मी दारात उभी राहिले. ती ज्या मनाने सारवत होती ते मला दिसत होतं. हे काम मिळालं तर बा घरी राहणार, आणि ते काम देणारी बाई पहिल्यांदा दारात येणार. आईकडे ओटा चांगला दिसावा म्हणून करण्यासारखं हे एकच होतं आणि ती ते मन लावून करत होती.  तेवढ्यात तिने उरलेला निम्मा ओटाही सारवला. शेवटी पाटी उचलून ती माझ्याकडे बघून हसली. "आता कसा?"

ओटा हिरवागार होता. एकही फरशी दिसत नव्हती.

पाऊण तासाने बा आणि बाई फाट्यावरून चालत येताना दिसले. बा पुढे होता, हातवारे करून काही समजावत होता. कुंपणाशी आला आणि त्याचे हातवारे थांबले. बाई मागून आल्या, पदराने घाम पुसला, ओट्याकडे बघितलं.

"हा तो ओटा?"

"हो, बाई."

"हा तर शेणाचा आहे."

"खाली आहे, बाई," बा म्हणाला.

म्हातारबा खाटेवरून एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. आईला आता कळलं की काहीतरी चुकलं आहे. ती पदर तोंडावर धरून दाराआड गेली. मला वाटलं, झालं. बा उद्याच बॅग भरेल.

बाने चपला काढल्या, हंड्यातलं पाणी ओतलं आणि काथ्याचा ब्रश घेऊन घासायला लागला. शेण ओलंच होतं. वरचा थर सुटून वाहत गेला आणि खालून लाल फरशी वर आली. मी दुसरा ब्रश घेतला. आम्ही दोघं दोन बाजूंनी घासत मध्ये आलो. बाईंनी साडी वर धरून पाण्यातून वाट काढली आणि ओणव्या होऊन बघायला लागल्या.

फरश्यांचे पृष्ठभाग स्वच्छ लाल झाले होते. पण रेषांमध्ये शेण बसलं होतं. राख त्याच्याखाली दिसत नव्हती. रेषा काळपट, मातकट हिरव्या झाल्या होत्या आणि त्यामुळे एकेक फरशी सुटी, जुनी, पावसापाण्याने मुरलेली वाटत होती. बाने ब्रशने जोर लावून एक रेष घासली. रंग थोडा फिका झाला, पण गेला नाही. त्याने परत घासली. मग तो ब्रश टेकवून तसाच बसून राहिला. त्याचा चेहरा मी एरवी कधी असा पाहिलेला नाही. त्याला हसायचं होतं, पण बाई काय म्हणतात हे कळेपर्यंत हसता येत नव्हतं.

"हे फोटोतल्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. "फोटोपेक्षा चांगलं. रेषांमधला हा रंग कुठला? पूड असते म्हणाला होतात, ती?"

बाने माझ्याकडे बघितलं. "ती पूड... म्हणजे तिकडची..."

"शेण आहे, बाई," मी म्हटलं. माझा आवाज फार बारीक आला. मग मला सगळं सांगावंसं वाटलं आणि सगळं सांगितलं. पूड संपली, राख वापरली, बा धुणार होता, आईला राख बघवली नाही.

बाईंनी खाली वाकून बोटाने रेष चोळली आणि बोट नाकाशी नेलं. मग त्यांनी स्वतः एक कळशी उचलली, ओट्यावर ओतली आणि बाच्या हातातला ब्रश घेऊन चार-पाच रेषा घासून बघितल्या. शिक्षिका होत्या, वही तपासल्यासारखं तपासत होत्या.

"पावसात जाईल का?"

"नुसतं ठेवलं तर फिकं होईल," बा म्हणाला. "वरून लेप मारला की रेषा आत बंद होतात. लेप थोडा आहे माझ्याकडे. त्यात बारीक वाळू घालतात, म्हणजे ओल्यावर पाय घसरत नाय."

बाईंनी हात पुसले. "मला अस्संच पाहिजे. चारही खोल्यांना. पण हे रेषांचं काम तुम्ही नाही करायचं." त्या दाराकडे वळल्या. "अहो, बाहेर या. कोणी सारवलं हे?"

आई पदर धरून बाहेर आली. "चुकलं, बाई."

"असंच चार वेळा चुकायचं. याल का माझ्याकडे?"

आईने बाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ओट्याकडे. "येईन," ती म्हणाली. "पण तिकडे शेण हाय का? का इथून आणायचं?"

आता मात्र बा हसला. खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हसत राहिला. म्हातारबा म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, काम चांगलं होणार."  आईने सगळ्यांना चहा दिला, म्हातारबांना दोनदा.

होळीपर्यंत आई आणि बा सकाळच्या जीपने एकत्र जायचे. बा साचा ठोकायचा, आई रेषा सारवायची आणि तिसऱ्या खोलीपासून ती त्याला सांगायला लागली की माल आज पातळ झालाय. मी शनिवारी घरी यायची तेव्हा दोघं भांडत जीपमधून उतरायची. एकदा बाने मला तोंड उघडायला सांगितलं. मी म्हटलं, आता नवीन दात येत नाहीत. तो म्हणाला, बघू तर दे. मोजताना त्याने एक चुकवला.

ओट्यावर बसलं की थंडी अजून लागते. आई पहाटे त्यावर पेंढा पसरते आणि म्हणते, "दिसतो दगडासारखा आणि गारही दगडासारखाच." 

त्याची प्रवासाची बॅग त्या दिवाळीत माळ्यावरून काढून दाराशी ठेवली होती. ती परत वर ठेवायची राहून गेली. माघात एका कोंबडीने चेन उघडी बघून आत अंडी घातली आणि उबवायला बसली. बा म्हणाला, बॅग लागेल तेव्हा? आई म्हणाली, "पिल्लं निघू दे आधी." पिल्लं निघाली, नऊ. त्यानंतरही ती बॅग तिने झटकली नाही.